परीक्षा आहे, शाळा नाही

१३ नोव्हेंबर २०२५ ला पुण्यात नवले पुलाजवळ एक भरलेला कंटेनर उतारावरून खाली आला. वाटेत येईल त्या गाड्यांना धडकत गेला. एक मोटार दोन अवजड वाहनांच्या मध्ये चेपली गेली, आग लागली आणि आठ माणसं गेली. दुसऱ्या दिवशी पेपर उघडला तर तेच वाक्य, जे मी कित्येक वर्षं वाचत आले आहे. 'ब्रेक निकामी झाल्याचा प्राथमिक अंदाज.'

याच रस्त्यावर २० नोव्हेंबर २०२२ ला असाच एक ट्रक सुटला होता आणि त्याने ४८ गाड्यांचा चुराडा केला होता. तेव्हाही पहिल्या दिवशी ब्रेकचंच नाव निघालं. मग तपासात पुढे आलं की उतारावर गाडीचं इंजिनच बंद केलेलं होतं.

या ताज्या अपघातानंतर आठ-दहा दिवसांनी माझा एक जुना विद्यार्थी मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन घरी आला. नववीत दोनदा बसला, मग शाळा सोडली आणि ट्रकवर गेला. अठ्ठावीस वर्षं त्याने ट्रक चालवला. आता गुडघे गेले म्हणून एका गोदामात बसतो. चहा पिता पिता मी त्याला विचारलं, "काय रे, हे ब्रेक इतके कसे फेल होतात?"

तो हसला नाही. म्हणाला, "बाई, ब्रेक आपोआप फेल होत नाहीत. करतात."

मग त्याने मला समजावून सांगितलं, आणि मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला असला तरी मला ते नीट कळलं. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत लांबच लांब उतार आहे. भरलेली गाडी उतारावर खालच्या गिअरमध्ये ठेवायची असते, म्हणजे इंजिनच गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेकवर भार येत नाही. पण चालक गाडी न्यूट्रलला टाकतो, कधी इंजिनही बंद करतो, कारण तेवढंच डिझेल वाचतं. कित्येक ठिकाणी मालक फेरीला डिझेल मोजून देतो आणि वाचेल ते चालकाचं. आता तीस-चाळीस टनांची गाडी फक्त ब्रेकवर उतरते. ब्रेक दाबून दाबून लायनिंग तापतं, तापलं की पकड सुटते. इंजिन बंद असेल तर ब्रेकच्या टाकीत हवा भरणारा कॉम्प्रेसरही बंद, म्हणजे दर दाबाला हवा कमी कमी होत जाते. स्टिअरिंग जड होतं. "मग शेवटी ब्रेक लागत नाही, आणि पोलिसाला तो सांगतो ब्रेक फेल. खोटं नसतं बाई ते. पण खरंही नसतं."

मी विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं?"

"उस्तादाने. मी चार वर्षं क्लीनर होतो."

"आणि लायसन काढताना?"

"लायसन काढताना कोण शिकवतंय? तिथे रिकाम्या टेंपोची मैदानात एक फेरी मारली. दहा मिनिटं."

तो गेल्यावर बराच वेळ मी पत्रिका हातात घेऊन बसले होते. शिक्षकी पेशात असताना मी शाळांना, अभ्यासक्रमांना आणि परीक्षांना पुष्कळ नावं ठेवली आहेत. पण शाळाच नसलेली परीक्षा ही कल्पना माझ्या डोक्यात कधी आली नव्हती. ती आपल्या राज्यात राजरोस चालू आहे, आणि तिचे निकाल आपण रोज पेपरात वाचतो.

कुणी म्हणेल, कायदा तर आहे की! आहे ना. नातवाला संगणकावर बसवून मी तो वाचून काढला. १९८८ चा मोटार वाहन कायदा सांगतो की प्रवासी किंवा माल वाहणारी गाडी चालवायची तर वय २० पूर्ण हवं, आधी वर्षभर हलक्या वाहनाचा परवाना हातात हवा, आणि मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र हवं. त्या प्रमाणपत्राला 'फॉर्म पाच' म्हणतात. नियमांत अभ्यासक्रमही आहे. अवजड वाहनासाठी किमान ३० दिवसांचं शिक्षण आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे निदान १५ तास. कागदावर काहीच कमी नाही.

माझ्या विद्यार्थ्यालाही फॉर्म पाच मिळाला होता. त्यासाठी तो ड्रायव्हिंग स्कूलमध्ये दोनदा गेला. एकदा पैसे द्यायला आणि एकदा फॉर्म आणायला. ही गोष्ट जुनी आहे हे खरं. पण तुमच्या ओळखीत कुणी ट्रक किंवा टेंपो चालवणारा असेल तर त्याला एवढंच विचारा, 'तू ड्रायव्हिंग स्कूलच्या ट्रकवर किती तास बसलास?' उत्तर काय येतं ते बघा.

म्हणजे कायद्यात शिक्षण आहे, पण कागदाच्या रूपाने. कागद हजर असला की शिक्षण झालं असं धरायचं. आमच्या वेळी शाळा तपासणीला साहेब येत, ते वह्या मोजत. वहीत काय आहे हे न बघता नुसत्या मोजत. तसंच हे.

आता गेल्या काही वर्षांत काय झालं ते बघा. २०१९ पर्यंत वाहतुकीच्या गाडीच्या चालकाला आठवी पास असण्याची अट होती. केंद्र सरकारने ती काढून टाकली. कारण दिलं की देशात २२ लाख चालक कमी आहेत आणि गरीब, न शिकलेल्या पण कौशल्य असलेल्या माणसांचा रोजगार या अटीने अडतो. तुम्हाला वाटेल मास्तरीण बाई चिडली असेल. नाही. मला तो निर्णय पटला. आठवीच्या दाखल्याने कुणाला उतार उतरता येत नाही, आणि दाखले कसे मिळतात हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण अट काढताना सरकारने आणखी एक गोष्ट सांगितली होती. शिक्षणाची अट गेली तरी प्रशिक्षणावर भर दिला जाईल, चालकाला पाट्या आणि खुणा वाचता येतात, नोंदी ठेवता येतात याची खात्री करूनच त्याला सोडलं जाईल. पहिला अर्धा निर्णय त्याच वर्षी अमलात आला. दुसऱ्या अर्ध्याची मी अजून वाट पाहते आहे.

त्या दुसऱ्या अर्ध्याच्या नावाखाली जे आलं ते 'मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्र'. १ जुलै २०२१ पासूनचे हे नियम. कल्पना चांगली आहे, आधी चांगलं तेच सांगते. केंद्राला जमीन हवी, सराव मार्ग हवा, सिम्युलेटर हवा. हलक्या वाहनासाठी २९ तासांचा अभ्यासक्रम, अवजडसाठी ३८ तासांचा, सहा आठवड्यांत. माझ्या विद्यार्थ्याच्या दहा मिनिटांपेक्षा हे कितीतरी बरं. पण मेख पुढे आहे. या केंद्रात जो पास होईल त्याला आरटीओची वाहन चालवण्याची चाचणी माफ!

म्हणजे शिकवणार तेच, परीक्षा घेणार तेच, गुण देणार तेच आणि फी घेणारही तेच. आरटीओतली चाचणी नावाचीच होती हे मला मान्य आहे. पण नावाची परीक्षा सुधारायची असते, ती दुकानदाराच्या हाती द्यायची नसते.

यात काय होतं ते शिक्षकांना ठाऊक आहे. दहावीच्या भाषा आणि समाजशास्त्र विषयांना शाळेच्या हातात २० गुण असायचे, तोंडी आणि अंतर्गत मूल्यमापनाचे. २०१८ साली राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के लागला. २०१९ ला मंडळाने ते शाळेकडचे गुण काढून घेतले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली, गुण परत दिले, आणि २०२० ला निकाल ९५.३० टक्के. एका वर्षात मुलं ढ झाली आणि पुढच्या वर्षी हुशार झाली असं कुणाला म्हणायचं असेल तर म्हणा. (त्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपर झाला नाही, हेही खरं.) मीही ते वीसपैकी अठरा-एकोणीस गुण दिलेले आहेत. मुलाचं वर्ष वाया जाऊ नये, शाळेचा निकाल पडू नये, आईबाप समोर उभे असतात. मी वाईट शिक्षिका नव्हते. पण आपल्याच मुलाला आपणच नापास करणं माणसाला जमत नाही. आणि इथे तर प्रत्येक नापास उमेदवार म्हणजे केंद्राचं एक गिऱ्हाईक दुसऱ्या केंद्राकडे जाणार. दहावीतले फुकटचे दोन गुण कुणाच्या अंगावरून जात नाहीत. इथले जातात.

बरं, ३८ तास तरी पुरेसे आहेत का? युरोपीय संघाने २००३ साली बस आणि ट्रकच्या व्यावसायिक चालकांसाठी जो निर्देश काढला त्यात सुरुवातीचं प्रशिक्षण २८० तासांचं ठरवलं, घाईचा मार्ग घेतला तर १४० तासांचं. काही देश तासांऐवजी नुसती परीक्षा घेतात, पण ती मोठी आणि कठीण. आणि सगळ्यांना दर पाच वर्षांनी आणखी ३५ तासांची उजळणी. म्हणजे तिकडे मुरलेला चालक पाच वर्षांत जेवढी उजळणी करतो, साधारण तेवढ्यात आपण नवशिक्याला तयार करतो. तेही कागदाप्रमाणे सगळं घडलं तर.

'आपल्याकडे हे कसं जमणार' असं म्हणू नका. आपल्याच नियमांत आहे की पेट्रोल, गॅस, रसायनं असा धोकादायक माल नेणाऱ्या चालकाने तीन दिवसांचं वेगळं प्रशिक्षण घेतलं पाहिजे आणि नूतनीकरणाच्या वेळी उजळणी केली पाहिजे. तीन दिवस फार नाहीत, पण तत्त्व मान्य आहे ना? माल धोक्याचा असेल तर चालकाला जास्त शिकवलं पाहिजे. मग चाळीस झोपलेली माणसं रात्रभर नेणाऱ्याला काय शिकवायचं? एसटीचं उदाहरणही घरचंच आहे. महामंडळ चालकाला नुसत्या परवान्यावर गाडी देत नाही. निवड करताना चाचणी घेतं आणि निवडल्यावर स्वतः प्रशिक्षण देतं. भोसरीला त्यांची मध्यवर्ती प्रशिक्षण संस्था आहे. सरकारला आपल्या गाडीसाठी कळतं ते कायदा करताना का कळू नये?

९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्यात बेस्टच्या मार्गावरची, पण कंत्राटदाराकडून भाड्याने घेतलेली बारा मीटरची विजेवरची बस गर्दीत शिरली आणि नऊ जणांचा जीव गेला. चालकाला या प्रकारच्या बसचं पुरेसं प्रशिक्षण दिलं होतं का, हा प्रश्न दुसऱ्याच दिवशी विचारला गेला. मला इतकंच म्हणायचं आहे, हा प्रश्न आदल्या दिवशी विचारणं कुणाचं काम होतं? क्लच आणि गिअरची गाडी चालवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला विजेच्या, क्लच नसलेल्या गाडीवर बसवताना कायदा कुठलीच वेगळी पायरी मागत नाही. परवाना 'अवजड वाहना'चा आहे ना, झालं मग.

आणि हलक्या वाहनाचं तर विचारूच नका. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला की हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेला माणूस साडेसात हजार किलोपर्यंतची वाहतुकीची गाडीही चालवू शकतो, वेगळी नोंद लागत नाही. २०१७ च्या निकालावरच हे शिक्कामोर्तब. या निकालामागची माणुसकी मला समजते. विमा कंपन्या 'परवान्यावर नोंद नव्हती' एवढ्या कारणावरून अपघातग्रस्तांचे दावे अडवत होत्या. नवरा गमावलेल्या बाईला त्या एका ओळीपायी कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागणं हे पाप आहे. न्यायालयाने असंही म्हटलं की अशा परवान्यावाल्यांमुळे अपघात वाढल्याची आकडेवारी कुणी समोर ठेवलेली नाही. न्यायालयापुढे आलेला प्रश्न भरपाईचा होता आणि त्याने तो सोडवला. पण कायदा करणाऱ्यांपुढचा प्रश्न वेगळा आहे. घरच्या मोटारीवर शिकलेला मुलगा उद्या सात टनांचा भरलेला टेंपो घेऊन वरंध घाटात निघाला तर त्याला अडवणारी किंवा शिकवणारी एकही पायरी आता मधे उरलेली नाही. ती पायरी बांधणं न्यायाधीशांचं काम नाही, आमदार-खासदारांचं आहे.

आता गाडीकडे वळू. चालकाच्या बाबतीत इतका उदार असलेला कायदा गाडीच्या बाबतीत केवढा काटेकोर! नोंदणी, पिवळी पाटी, उच्च सुरक्षा पाटी, योग्यता प्रमाणपत्र, परमिट, कर, विमा, पीयूसी, वेगनियंत्रक, परावर्तक पट्ट्या. यातली कुठलीच गोष्ट चुकीची नाही. पण हा काटेकोरपणाही पैशाच्या दाराशी येऊन थांबतो.

आपल्या राज्यघटनेत मोटार वाहनांचा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. वाहनावरचा कर मात्र राज्याच्या सूचीत आहे. त्यामुळे प्रत्येक राज्याचा कर वेगळा. मग बसमालक काय करतो? जिथे कर कमी, तपासणी सैल, तिथे नोंदणी. आपल्याच शहरात संध्याकाळी खाजगी बसच्या थांब्यावर उभं राहा आणि पाट्या वाचा. नागालँड, अरुणाचल, दमण! ज्या गाडीने नागालँडचा डोंगर कधी पाहिला नाही ती तिथली रहिवासी. कायद्याचं कलम ४० सांगतं की गाडी सामान्यतः जिथे ठेवली जाते तिथल्या अधिकाऱ्याकडे नोंदणी करा. कलम ४७ सांगतं की बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथला नंबर घ्या. दोन्ही कलमं सरळ मराठी पाचवीच्या मुलाला कळतील अशी आहेत.

२४ ऑक्टोबर २०२५ ला हैदराबादहून बंगळूरला निघालेली एक शयनयान बस कर्नूलजवळ जळाली. किमान १९ प्रवासी गेले. ती बस मुळात दमणला नोंदलेली, नंतर ओडिशात. धावत होती तेलंगण, आंध्र आणि कर्नाटकात. नोंदणी दमणची होती म्हणून आग लागली असं मी म्हणत नाही. मी विचारते, या बसला ओळखणारा अधिकारी कोण? दमणने तिला पाहिलं नाही, ओडिशाने रोज पाहिलं नाही, आणि ज्या राज्यांतून ती रोज जात होती त्यांच्या दप्तरात ती पाहुणी. ज्या मुलाचं नाव एका शाळेत आणि मूल बसतं दुसऱ्याच शाळेत, त्याची प्रगती कोण लिहिणार? तामिळनाडूने २०२४ च्या जूनमध्ये कंबर कसली आणि सांगितलं की अखिल भारतीय पर्यटक परमिट घेऊन परराज्याच्या पाटीवर आमच्या राज्यात नेहमीच्या फेऱ्या करायच्या नाहीत. मालकांनी आरडाओरडा केला. पण एका राज्याला वाटलं तर ते काही करू शकतं एवढं दिसलं.

चालकाचा परवाना एका दप्तरात, गाडीची नोंदणी दुसऱ्यात, आणि रात्री अकराला जेव्हा तो माणूस त्या गाडीत चढतो तेव्हा त्या दोघांना एकत्र पाहणारं कुणीच नाही. याला मीही अपवाद नाही, तेच मला सांगायचं आहे.

२०११ साली महाराष्ट्र सरकारने स्कूलबससाठी स्वतंत्र नियम केले. गाडीत मदतनीस हवा, प्रथमोपचाराची पेटी हवी, आणि प्रत्येक शाळेत परिवहन समिती हवी, मुख्याध्यापक अध्यक्ष. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी मी आमच्या शाळेच्या त्या समितीत होते. आम्ही कागद तपासले. नोंदणी, योग्यता, विमा, चालकाचा परवाना. सगळ्यांच्या झेरॉक्स फाइलला लावल्या आणि सह्या केल्या. सात-आठ चालक आमच्यासमोर खुर्च्यांवर अवघडून बसले होते. त्यातल्या एकालाही मी विचारलं नाही की बाबा, तुला शिकवलं कुणी? पावसात पोरांनी भरलेली गाडी घसरायला लागली तर तू काय करशील? तीस-पस्तीस वर्षं पोरांना प्रश्न विचारण्यात घालवलेल्या बाईला तो एक प्रश्न सुचला नाही. पुढे काही वाईट घडलं नाही हे आमचं नशीब. ती सही मात्र मला आजही आठवते.

चूक झाली की शिक्षा करायला मात्र आपण तत्पर आहोत. नव्या भारतीय न्याय संहितेत अपघात करून न कळवता पळणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद केली, त्यावरून २०२४ च्या जानेवारीत देशभर ट्रकवाल्यांनी गाड्या उभ्या केल्या, आणि १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते उपकलम बाजूला ठेवावं लागलं. पळून जाणं वाईटच. पण शिक्षेचे दहा वर्षं आणि शिक्षणाचे अडतीस तास, हा हिशेब मला कुणीतरी समजावून सांगावा.

म्हणून नुसती ओरड न करता काय हवं तेही लिहिते.

पहिलं, क्लीनरची शाळा कायद्याने मान्य करा. या देशातल्या ट्रकचालकांचं खरं विद्यापीठ म्हणजे उस्तादाच्या शेजारची ती जागा. गाडीच्या टायरवर हातोडी मारून आवाजावरून हवा ओळखणं, चढावर चाकाखाली दगड लावणं, उतारावर गिअर धरून ठेवणं हे तिथेच शिकता येतं. महाराष्ट्राच्या नियमांनी अवजड मालगाडीवर असा मदतनीस सक्तीचा केला होता, आणि २०२५ च्या जुलैत मालवाहतूकदारांनी संप केला तेव्हा त्यांच्या मागण्यांत ही सक्ती काढा अशीही मागणी होती. त्यांचंही खरं आहे. क्लीनर मिळत नाही, परवडत नाही, आणि दंड मात्र बसतो. पण त्या जागेकडे कुणी शिकाऊ उमेदवार म्हणून पाहिलंच नाही. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आपल्याकडे आहे, त्यात विद्यावेतन आहे. वर्षभर भरल्या गाडीवर बसलेल्या मुलाची नोंदवही ठेवा, उस्तादाची सही घ्या, त्याला चार पैसे द्या. मग बघा क्लीनर मिळतात की नाही.

दुसरं, शिकवणारा आणि तपासणारा वेगळा ठेवा. केंद्र खाजगी असो की सरकारी, परीक्षा बाहेरच्याने घ्यावी. आणि ती भरलेल्या गाडीवर, खऱ्या उतारावर. नोकरी भरल्या गाडीची आणि परीक्षा रिकाम्या गाडीची, हे म्हणजे पोहण्याची परीक्षा गुडघाभर पाण्यात.

तिसरं, परवान्याचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी होतंच. त्याला दोन दिवसांची उजळणी जोडा. गाडीचा प्रकार बदलला, विजेची आली, तर वेगळी पायरी ठेवा.

चौथं आणि महत्त्वाचं, गाडीच्या कागदाला चालकाचं शिक्षण बांधा. बसचं परमिट किंवा योग्यता प्रमाणपत्र नवं करताना मालकाला विचारा, या गाडीवर कोण कोण चालक आहेत, त्यांना कुणी किती शिकवलं, ते किती तास चालवतात. १९६१ च्याच मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती. ती कुठल्या दप्तरात दिसत होती? उत्तर नसेल तर कागद देऊ नका. एका दिवसात सगळे मालक चालक-शिक्षणाचे पुरस्कर्ते होतील.

पैसे कुठून येणार, हा प्रश्न येणारच. राज्य वाहनांवर कर घेतं. गाडीकडून घेतलेल्या पैशातला एक लहान हिस्सा गाडी चालवणाऱ्यावर खर्च करण्यात कसला अन्याय आहे? आणि 'आधीच चालक मिळत नाहीत, त्यात ही अट' असं म्हणणाऱ्यांना मी सांगेन, चालक मिळत नाहीत कारण या कामाला पगार नाही, झोप नाही आणि मान तर मुळीच नाही. डॉक्टर कमी पडले म्हणून आपण कंपाउंडरच्या हातात सुरी दिली नाही. जे काम शिकावं लागतं त्याला समाज मान देतो. जे काम कुणीही उठून करू शकतो असं कायदाच सांगतो, त्याला कोण मान देणार? एकट्या २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. सगळी ट्रक आणि बसमुळे नव्हेत, पुष्कळ तर दुचाकीवरचीच होती. पण भरलेला ट्रक सुटतो तेव्हा चूक एकाची असते आणि मरणारे अनेक असतात.

माझ्या विद्यार्थ्याला निघताना मी विचारलं होतं, "तुझ्या मुलाला नाही का ट्रकवर पाठवलंस?"

"नाही बाई. त्याला यायचं होतं. पण आता उस्ताद राहिले नाहीत. नुसतं लायसन देऊन मी त्याला रस्त्यावर सोडणार नाही."

असो. लग्न वैशाखात आहे, मी जाणार आहे. तोवर नवले पुलावरून पुष्कळ गाड्या उतरतील. पुढच्या वेळी पेपरात 'ब्रेक निकामी' असं वाचाल तेव्हा एवढंच करा. पान उलटण्याआधी विचारा, त्याला शिकवलं कुणी होतं? आणि निवडणुकीला हात जोडून दारात येणाऱ्यालाही हाच प्रश्न विचारा. मी विचारणार आहे. समितीत एकदा विचारायचा राहून गेला.